मार्काच्या सहवासांत

चार शुभवर्तमानांपैकीं मार्काचें शुभवर्तमान सर्वांत लहान. सोळा अध्यायांचें हें पुस्तक मोठ्यानें वाचूं लागल्यास सुमारें दोन तासांत संपतें. १९७८ सालीं अ‍ॅलेक मकॉवन नांवाच्या इंग्रज नटानें तें सबंध तोंडपाठ करून रंगभूमीवर एकट्यानें म्हणून दाखविलें, आणि तिकीट काढून आलेले लोक तें नाटकासारखें ऐकत बसले. ज्यानें आपल्याकडे उत्तम कीर्तन ऐकलें आहे त्यास याचें आश्चर्य वाटणार नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती कीर्तनें रचलीं व केलीं, त्यामागें हीच जाणीव असावी कीं, ही कथा मुळांत कानांसाठीं आहे. डोळ्यांचा अधिकार तिच्यावर मागाहून आला.

या लहानशा पुस्तकाच्या वांट्यास उपेक्षाहि पुष्कळ आली. संत ऑगस्टीन यांनीं मार्काला मत्तयाचा अनुयायी व संक्षेपकार ठरविलें, आणि इतक्या मोठ्या माणसानें दिलेला शिक्का पुसावयास शेंकडों वर्षें लागलीं. ज्याच्याजवळ विस्तृत ग्रंथ आहे त्यानें त्याचा सारांश कशाला वाचावा? पुढें एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडितांनीं, १८३५ सालीं लाखमान यांनीं व १८६३ सालीं होल्ट्समान यांनीं, मार्काची बाजू पुढें मांडली, आणि आज बहुतेक अभ्यासक मार्कालाच चौघांत आधींचा मानतात. परंतु मला या वादापेक्षां एक जुनी गोष्ट अधिक प्रिय आहे. दुसऱ्या शतकांतील पापिअस नांवाच्या बिशपाचें म्हणणें युसेबिअसनें आपल्या मंडळीच्या इतिहासांत नमूद केलें आहे. त्याचा भाव असा कीं, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता. पेत्राकडून ऐकलेलें जें त्याला आठवलें तें त्यानें काळजीपूर्वक लिहिलें, पण क्रम लावून लिहिलें नाहीं. दुभाषी! भाषा शिकविणें हाच ज्याचा धंदा त्या मनुष्याला हा शब्द किती जवळचा वाटावा! एका वृद्ध कोळ्याच्या आठवणी परक्या भाषेंत नेतांना या दुभाष्यानें काय सोडलें व काय जसेंच्या तसें ठेवलें, हें पाहण्यांत माझीं कित्येक वर्षांचीं सकाळचीं घटका-दोन घटका गेलीं आहेत, आणि त्यांविषयींच चार शब्द येथें लिहावयाचे आहेत.

आमच्या शाळेंत मराठीचे तास संभाळून मी पवित्र शास्त्राचाहि तास घेतों. त्याच्या परीक्षेंत ‘कोण, कोणास व केव्हां म्हणालें?’ हा प्रश्न ठरलेला असतो. हा प्रश्न वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. ज्यास कथा ठाऊकच नाहीं तो तिचें मनन तरी कशाचें करणार? विद्यार्थी ‘कोणास’ या शब्दापुढें शिष्यांचें, परूश्यांचें किंवा लोकसमुदायाचें नांव लिहितो आणि त्याला पुरे गुण द्यावे लागतात. मात्र पहाटे दिवा लावून तेंच वचन आपण एकटे वाचूं लागलों म्हणजे त्या रिकाम्या जागेंत स्वतःचें नांव लिहावें लागतें, आणि तेथें गुण देणारा कोणी नसतो. तासांतलें वाचन व पहाटेचें वाचन यांत मला हा एवढाच भेद सांगतां येतो. पण तो लहान नाहीं.

दुसरी एक गंमत सांगतों. मार्कानें दिलेला येशूचा जन्मवृत्तांत लिहा, असें वर्गांत विचारलें तर अर्धा वर्ग गोठा, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी व त्यांचा तारा हें सर्व सुवाच्य अक्षरांत लिहून आणतो. मार्कांत यांपैकीं कांहींच नाहीं! मार्काचा येशू वाढलेला, राबलेला पुरुष म्हणून एकदम यार्देनेच्या कांठीं येऊन उभा राहतो. आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून चारहि शुभवर्तमानें एकाच भांड्यांत कालवून पीत आलों आहों. त्यामुळें प्रत्येकाची वेगळी चव आमच्या जिभेस ठाऊकच नसते. म्हणून मननासाठीं बसणाऱ्यानें एका वेळीं एकच शुभवर्तमान घ्यावें, आणि तें जेथें मौन धरतें तेथें शेजारच्या घरून उसनें आणूं नये, असें माझें ठाम मत झालें आहे. हें बोलावयास सोपें आहे. ज्या मनाला अठरा ठिकाणचीं वचनें पाठ असतात, तें प्रत्येक उणें भरून काढावयास धांवत असतें. त्याला बसवून ठेवणें हीच यांतली खरी साधना.

अशा सावकाश वाचनाची रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठवासीयांच्या नियमांत अशा वाचनासाठीं दिवसाचे तास राखून ठेविले, आणि बाराव्या शतकांत गिगो नांवाच्या कार्थूसियन साधूनें त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन. आपल्याकडच्या श्रवण, मनन व निदिध्यासन यांशीं त्यांचें नातें कोणासहि चटकन् दिसेल. ज्ञानेश्वरीचें पारायण ज्यांच्या घरीं होतें असे पुष्कळ विद्यार्थी आमच्या वर्गांत आहेत. त्यांपैकीं एकानें मला सांगितलें कीं, त्याचे आजोबा सप्ताहांत सर्वांबरोबर भराभर वाचतात, पण एरवीं घरीं पांचसहा ओव्या वाचून पोथी बांधून ठेवतात आणि दिवसभर त्यांच्यावरच असतात. त्या आजोबांना मीं पाहिलेलें नाहीं. पण मी काय करतों हें त्यांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं, याची मला खात्री आहे.

माझी रीत साधी आहे. प्रथम उतारा हलक्या आवाजांत दोनदां वाचतों. नंतर तो साध्या रेघांच्या वहींत उतरून काढतों. मग वही मिटून बसतों. उतरतांना वचनांचे आंकडे गाळतों. अध्याय पाडण्याचें काम तेराव्या शतकाच्या आरंभीं स्टीफन लँग्टन यांनीं केलें आणि आजचे वचनांचे आंकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं छापले. स्थळ शोधावयास हे आंकडे फार सोयीचे आहेत. पण ते वाहत्या पाण्यांतील बांधासारखे आहेत, प्रत्येक ठिकाणीं वाचणारा थबकतो व निरोप पुरा झाला असें समजतो. एखादा हिशेबी मनुष्य म्हणेल कीं, छापील प्रतींत मार्काचीं ६७८ वचनें आहेत, तेव्हां दररोज दोन घेतलीं म्हणजे वर्षाच्या आंत काम उरकलें! मनन असें उरकत नाहीं. कांहीं उतारे एका दिवसांत हातीं लागतात, कांहींवर तीन आठवडे जातात. पेरलेलें बी आपोआप उगवतें, शेतकरी निजतो व उठतो आणि तें कसें वाढतें हें त्याला कळत नाहीं, हा लहानसा दृष्टांत चौथ्या अध्यायांत आहे व तो मार्काखेरीज दुसऱ्या कोणीं दिलेला नाहीं. त्यावर माझी वही जवळजवळ कोरीच आहे. आणि तें मला योग्यच वाटतें.

वहीशेजारीं दोन भाषांतरें उघडीं असतात. विल्यम केरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें श्रीरामपूर येथें मराठी नवा करार १८११ सालीं प्रसिद्ध केला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ सालीं निघाला. आणि तेव्हांपासून या मजकुरावर किती पंडितांचे हात फिरले याची गणती करणें कठीण आहे. माझ्या शेजारच्या दोन प्रतींपैकीं एक बायबल सोसायटीची व दुसरी पंडिता रमाबाईंची. रमाबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें, १९२२ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत, केडगांवास या भाषांतरांत घालविलीं. संस्कृतांत पारंगत असलेल्या या विदुषीनें मुद्दाम साध्या बायकांना उमगेल अशी मराठी धरली, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांनीं भाषेचा पाठ म्हणूनहि ध्यानांत ठेवावी. मूळ ग्रीकांत मार्क एक शब्द सुमारें ४० वेळां वापरतो. त्याचा अर्थ ‘लागलेंच’, ‘तत्काळ’. आमच्या भाषांतरकारांनीं सौंदर्यासाठीं त्याला नाना वेष दिले, कोठें कोठें गाळलाहि. पण मुळांत तो एकसारखा येत असतो, आणि धांवत आलेल्या, धाप लागलेल्या मनुष्याच्या बोलण्यासारखा वाटतो. एवढ्या घाईनें सांगणाऱ्याजवळ सावकाश बसावें, यांत विसंगति आहे खरी. परंतु घाईंत असलेला मनुष्य जेव्हां मध्येंच एखादी बारीक गोष्ट सांगतो तेव्हां ती ऐकण्यासारखी असते.

वादळाच्या गोष्टींत येशू तारवाच्या मागच्या भागीं निजला आहे, आणि त्याच्या डोक्याखालीं उशी आहे हें मार्क सांगतो. दुसऱ्या कोणीं उशी सांगितलेली नाहीं. पांच हजारांच्या भोजनाच्या वेळीं लोक बसतात तें हिरव्या गवतावर. गालीलांत पाऊस हिंवाळ्यांत पडतो. आपल्याकडे माळरानें करपूं लागतात त्या फाल्गुन-चैत्रांत तेथील टेंकड्या हिरव्या असतात व पुढें लौकरच वाळून जातात. म्हणजे तो दिवस वर्षांतल्या त्या थोड्या आठवड्यांपैकीं एक होता, हें त्या एका विशेषणानें कळतें. आणि तारवें! गालीलाचें सरोवर उणेंपुरें २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशें मीटरांहून खालीं, भोंवतीं डोंगर. त्यांवरून वारा एकाएकीं खालीं कोसळतो. त्या रात्रीं येशूच्या तारवाबरोबर दुसरींहि तारवें होतीं, असें मार्क आरंभीं सांगून टाकतो आणि पुन्हां त्यांचें नांवहि घेत नाहीं. त्यांतील लोकांनीं कोणाला हांक मारली नाहीं, कोणाला जागें केलें नाहीं. वारा पडला तेव्हां तो त्यांच्यासाठींहि पडला असला पाहिजे. आणि कोणामुळें पडला हें त्यांना कदाचित् कधींच कळलें नसेल. हीं तारवें माझ्या ध्यानांत आलीं तेव्हां हें पुस्तक मी पंचवीस वर्षें वाचीत होतों.

हें सर्व बारकाव्यांचें कौतुक झालें, आणि बारकाव्यांनीं मन रमतें, बदलत नाहीं. ज्या उताऱ्यानें मला हें वाचन सोडूं दिलें नाहीं तो आठव्या अध्यायांत आहे. बेथसैदा येथें एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गांवाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, वर हात ठेवतो आणि कांहीं दिसतें काय म्हणून विचारतो. तो मनुष्य प्रामाणिक आहे. माणसें दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखीं, असें तो सांगतो. तेव्हां येशू पुन्हां हात ठेवतो आणि मग त्याला स्वच्छ दिसूं लागतें. दोन खेपांनीं झालेलें असें बरें करणें चारहि शुभवर्तमानांत हें एकच आहे. ज्याच्या एका शब्दानें वारा थांबला त्याला येथें दुसऱ्यांदां हात ठेवावा लागला, याचा टीकाकारांना संकोच वाटतो व ते नाना कारणें देतात. पण मार्कानें ही गोष्ट कोठें बसविली आहे पाहा. तिच्या आधीं तारवांत शिष्य भाकरींवरून गोंधळले आहेत आणि डोळे असून दिसत नाहीं काय असें त्यांना विचारलें गेलें आहे. तिच्यानंतर लागलाच पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, आणि पुढच्याच क्षणीं, ख्रिस्तानें दुःख भोगावें हें ऐकून, त्याला बाजूला घेऊन दटावूं लागतो. पेत्राला दिसूं लागलें आहे, पण माणसें अजून झाडांसारखींच दिसताहेत! आणि हें आपणच सांगितलेलें आपल्या दुभाष्यानें लिहून ठेवावें, याला पेत्रानें हरकत घेतली नसावी.

पहिल्या स्पर्शानंतर व दुसऱ्याच्या आधीं त्या मनुष्यानें जें पाहिलें, त्यांत आम्हां बहुतेकांचें आयुष्य जातें, असें मला वाटतें. ख्रिस्ती घरांत जन्मलों, बाप्तिस्मा झाला, मिशनच्या शाळा-कॉलेजांत शिकलों, वचनें पाठ झालीं. दिसत नाहीं असें कसें म्हणावें? पण स्वच्छ दिसतें असेंहि म्हणवत नाहीं. वर्षानुवर्षें तेंच पुस्तक पुन्हां हातीं घेण्याचें दुसरें कारण मजजवळ नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत सांगतों. तीन वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी वारली. ती अकरा वर्षांची होती. डेंग्यूचा ताप आला आणि आठव्या दिवशीं सर्व आटोपलें. त्या दिवसांत मंडळींतील पुष्कळ माणसें दवाखान्यांत येऊन प्रार्थना करीत असत, आणि त्यांपैकीं एका भल्या गृहस्थांनीं तिच्या उशाशीं मार्काचा पांचवा अध्याय, याईराच्या मुलीची कथा, मोठ्या विश्वासानें वाचली. त्यांचा हेतु प्रेमाचाच होता. पण त्यानंतर आमच्या घरांत तो अध्याय कोणीं उघडला नाहीं. कौटुंबिक प्रार्थनेंत क्रमानें वाचन येई तेव्हां आम्ही चौथ्यावरून सहाव्यावर जात असूं, आणि त्याविषयीं कोणी कांहीं बोलत नसे.

माझ्या वहीचा क्रम पुढच्या आषाढांत तेथें येऊन पोहोंचला. वहींत अध्याय ओलांडतां येत नाहीं. कोरें पान दिसतें. मी त्या उताऱ्यावर पांच आठवडे होतों. सभास्थानाचा अधिकारी पायां पडतो, मुलगी शेवटच्या घटकेस आली आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेंत बारा वर्षांची दुखणाईत स्त्री वस्त्राला शिवते आणि येशू थांबतो. थांबतो, तिला शोधतो, तिचें सर्व ऐकून घेतो. इतका वेळ याईर काय करीत होता? जो मार्क उशी सांगतो, गवताचा रंग सांगतो, तो याईराच्या तोंडचा एक शब्दहि येथें देत नाहीं. शेजारच्या घरून उसनें आणावें तर मत्तय व लूक यांच्याकडेहि तो शब्द नाहीं. दवाखान्याच्या ओटीवर दादा उभे असत तें मला ठाऊक आहे. तेव्हां त्या शब्दाची मला गरजहि पडली नाहीं. मुलगी मेल्याची बातमी येते तेव्हां येशू एवढेंच सांगतो कीं, भिऊं नको. आणि तो याईराबरोबर चालणें सोडत नाहीं.

पुढें त्या मुलीचा हात धरून तो दोन शब्द बोलतो, ‘तालीथा कूम’, आणि दुभाष्यानें ते मूळ अरामी भाषेंतच ठेविले आहेत. त्याचें काम भाषांतराचें; तरी येथें त्यानें आधीं मूळ शब्द दिला आणि मग अर्थ सांगितला. पेत्र त्या खोलींत होता. त्याच्या कानांत ते तसेच राहिले असतील. असे अरामी शब्द मार्कांत थोडेच आहेत. मीं ते वहीच्या मागच्या पानावर एकाखालीं एक लिहिले, आणि त्या पानाकडे पाहतां पाहतां जें दिसलें तें कोणत्याहि टीकाग्रंथानें मला दाखविलें नव्हतें. दोन शब्द मुलीला उठवितांना. एक बहिऱ्याचे कान उघडतांना. मग गेथशेमाने बागेंत ‘अब्बा’. आणि शेवटीं वधस्तंभावर देवाला मारलेली हांक, जी उभे राहणाऱ्यांना नीट ऐकूंसुद्धां आली नाहीं व तो एलीयाला बोलावतो असें वाटलें. ज्या मातृभाषेंत त्यानें दुसऱ्याच्या लेंकराला उठविलें, त्याच भाषेंत त्यानें स्वतःसाठीं प्याला टळावा म्हणून मागितलें. आणि तो टळला नाहीं. याईराची विनंती मान्य झाली. त्याची स्वतःची झाली नाहीं.

यामुळें आमच्या घरचें दुःख उणें झालें असें मी लिहिणार नाहीं. याईराची मुलगी उठली आणि आमची उठली नाहीं, हा भेद कोणत्याहि मननानें मिटत नाहीं. तो मिटवून दाखविणारीं प्रवचनें मी अजूनहि ऐकतों, पण त्यांतून घरीं कांहीं आणीत नाहीं. मला एवढेंच कळलें कीं, ज्याची विनंती मान्य झाली नाहीं तो या पुस्तकाच्या बाहेर पडत नाहीं. पुस्तकाच्या ऐन मध्यभागीं तसा एक जण आहे, आणि तें पुस्तक त्याचेंच आहे.

त्या पांच आठवड्यांत एके दिवशीं मी हलक्या आवाजांत वाचीत असतां वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारांतच थांबल्या. वाचून झालें. “भावोजी, तें शेवटचें पुन्हां वाचा,” असें त्या म्हणाल्या. मीं वाचलें. मुलगी उठून चालूं लागली, सर्व लोक विस्मयानें वेडे झाले, कोणास हें कळवूं नका अशी ताकीद झाली, आणि तिला खावयास द्या असें त्यानें सांगितलें. वहिनी थोडा वेळ उभ्या राहिल्या. “सगळे बघत राहिले,” त्या म्हणाल्या, “आणि पोर भुकेली असेल हें त्याच्याच ध्यानांत आलें.” मग त्या आंत गेल्या. त्या आठवड्यापासून कौटुंबिक प्रार्थनेंत आम्ही कोणताहि अध्याय ओलांडीत नाहीं.

पुस्तकाच्या शेवटाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. चौथ्या शतकांतील दोन अतिप्राचीन हस्तलिखितांत, सिनायच्या मठांत सांपडलेल्या व व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत असलेल्या प्रतींत, मार्काचें शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीं संपतें. स्त्रिया रिकाम्या कबरेपासून थरथर कांपत पळतात आणि भीतीमुळें कोणालाहि कांहीं सांगत नाहींत. बस्स! उरलेलीं बारा वचनें पुढच्या काळच्या प्रतींत आहेत, आणि आपल्या छापील प्रतींतहि तीं असतात. मूळ शेवट हरवला, लिहावयाचा राहिला, कीं मार्कानें तसाच ठेविला, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मीं दोन्ही प्रकारें वहींत लिहून पाहिलें आहे. पण भीतीनें मुके झालेले लोक ज्यानें आपल्या घरांत पाहिले आहेत त्याला पहिला शेवट अपुरा वाटत नाहीं. त्यांनीं पुढें केव्हां तरी तोंड उघडलें असलेंच पाहिजे, नाहीं तर मार्काला हें कसें कळलें? केव्हां उघडलें तें मार्क सांगत नाहीं. त्यांना तितका वेळ लागला.

यंदा उपवासकाळाच्या आरंभीं दादांनीं माझ्याकडे एक कोरी वही मागितली. ते मुलीच्या मरणानंतरहि दर रविवारीं उपासनेस येत असत, पण पुस्तक हातांत घेत नसत. आतां ते रोज रात्रीं जेवणानंतर ओटीवर बसून, खतावणींत लिहावें तशा सरळ अक्षरांत, पहिल्या अध्यायापासून उतरून काढीत आहेत. वचनांचे आंकडे ते गाळीत नाहींत. त्यांना ते लागतात. सध्यां ते चौथ्या अध्यायाच्या शेवटीं, वादळापाशीं आहेत, आणि पुढचा अध्याय कोणता हें त्यांना ठाऊक आहे. गेला आठवडाभर त्यांनीं पान उलटलेलें नाहीं. काल रात्रीं मी जवळून जात असतां त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, “त्या दुसऱ्या तारवांचें पुढें काय झालें रे?”

मार्कानें तें लिहिलेलें नाहीं, असें मीं सांगितलें.

“तें मलाहि दिसतें आहे,” असें म्हणून त्यांनीं चष्मा पुसला, आणि दिवा थोडा जवळ ओढून ते पुन्हां वहीकडे पाहूं लागले.